मंजुबेनचे पारवे

नदीकाठच्या रस्त्याला पोंकाचे मांडव लागले की सुरतेत थंडी आली असं धरायचं. पोंक म्हणजे आपला हुरडाच. फक्त इथे ज्वारीचा दाणा इतका कोवळा खुडतात की तो चावावा लागत नाही. जिभेवर नुसता हिरवा गोडवा ठेवून निघून जातो. वर लिंबू-मिऱ्याची बारीक शेव. काल संध्याकाळी मी पोंक घ्यायला थांबले होते. भाजलेली कणसं पोत्यात घालून झोडपत होते, धुराबरोबर कोंडा उडत होता, आणि शेजारी उभे असलेले कुणी आजोबा त्या कोंड्याने खोकायला लागले. कोरडा, तळातून येणारा, मध्येच अडकणारा खोकला. मी पैसे द्यायचे सोडून वळून पाहिलं. अर्थात ते अण्णा नव्हते. अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तो पारव्यांचा हिवाळा कोणता गं? प्लेगची पळापळ झाली त्याच्या आधीचा ना?" मला वाटतं नंतरचा. प्लेगनंतर गल्ल्या रोज झाडल्या जायला लागल्या होत्या आणि भल्या सकाळी खराट्यांचा आवाज यायचा, तो मला त्या दिवसांतला आठवतो. ह्यांना नाही आठवत. त्या हिवाळ्यातल्या एवढ्या साध्या गोष्टीवरही आमचं एकमत होत नाही, तर बाकीच्यांवर काय होणार!

तेव्हा आम्ही अडाजणला राहत होतो. बैठी घरं, एकाला एक लागून, पुढे फाटकाएवढं अंगण आणि मागे मात्र बरी लांब बाग. ह्यांची नोकरी हजीऱ्याच्या एका कारखान्यात. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर भोंगा वाजवायची. मी नदीपलीकडे एका मराठी शाळेत शिकवायचे. वर्गातली निम्मी मुलं खानदेशातून लूमवर कामाला आलेल्यांची. ती माझ्याशी मराठी बोलत, आपसांत हिंदी, आणि चिडली की अहिराणी. मी माहेरची साताऱ्याकडची. मला अहिराणी लग्नानंतर, सासरी गेल्यावर, कानाने शिकावी लागली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या त्या वर्षी पावसाळ्यात हे त्यांना गावाहून घेऊन आले. गावाजवळच्या जिनिंग प्रेसमध्ये अण्णांनी उभा जन्म कापसात काढला होता. आमच्याकडे आले ते एक ट्रंक आणि वांग्याच्या बियांची पुरचुंडी घेऊन. हिरवी, लांबट, भरिताची वांगी. सुरतेत वांगी काही कमी मिळतात असं नाही, पण अण्णांच्या मते ती वांगी नव्हतीच. पहिले कित्येक दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. विचारलं तर मान हलवायचे. मग एके दिवशी मागच्या बागेत कुदळीचा आवाज आला आणि मी ह्यांना खुणेनेच सांगितलं, आत्ता काही बोलू नका.

त्यांनी वाफे केले. वांगी, मेथी, कोथिंबीर, कडेला वाल. पेरू तर आधीपासून होताच. आणि मग पक्षी आले, किंवा ते आधीपासूनच येत असावेत आणि आमचं लक्ष आता गेलं. पेरूवर पोपट. एकेका फळाला दोन चोची मारून टाकून देणार. मेथी पेरली की पारवे. ते चालत यायचे, घाई नसायची त्यांना, आणि दाणा अन् दाणा टिपून पुन्हा भिंतीवर जाऊन बसायचे.

ती भिंत आमची आणि मंजुबेनची. छातीइतकी उंच, वर सिमेंटची सपाट कड. मंजुबेन रोज सकाळी पूजा आटोपून पितळेच्या वाटीतून तिच्यावर ज्वारी पसरायच्या. 'चण नाखवुं' म्हणतात त्याला इकडे. पुष्कळजण करतात, पुण्याचं काम. पण मंजुबेन पूर्वी करत नसत. त्यांचा मुलगा केतन, पलसाण्याच्या बाजूला एका डाइंगच्या कारखान्यात लागला होता. स्कूटरवरून घरी येताना हायवेवर गेला. त्यानंतर मंजुबेनने चण घालायला सुरुवात केली. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या वर्षभरात मीच जोडून पाहिलं होतं.

भिंतीच्या या बाजूला अण्णा खुरपं घेऊन आणि त्या बाजूला मंजुबेन वाटी घेऊन, असं रोज व्हायला लागलं. मला वाटलं आता भांडण होणार. वाफ्यातली मेथी खाणारे पारवे मंजुबेननेच तर बोलावलेले! एकदा मी चहा घेऊन मागे गेले तर भांडण नव्हतं, गप्पा चालल्या होत्या. मंजुबेन सुरती गुजरातीत, अण्णा अहिराणीत.

"आजे ठंडी वधारे छे, अण्णा."

"हाव, थंडी शे. गाव तं आजून जास्त ऱ्हास."

'छे' ला 'शे' लागून गेला आणि पुढे दोघांचंही काही अडलं नाही. मंजुबेन केतनच्या लहानपणच्या तापाबद्दल सांगत होत्या आणि अण्णा बहुतेक एका वर्षीच्या कापसावर पडलेल्या रोगाबद्दल. मला दोन्ही भाषा कळत होत्या, त्यामुळे ते बोलणं एकमेकांना धरून नव्हतं हेही कळत होतं. त्यांना ते कळत नसावं. किंवा कळत असेलही. दोघंही मनापासून "हा, हा" करत होते. सासूबाई गेल्यापासून मी अण्णांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

पेरूच्या पोपटांवर अण्णांनी आपला उपाय काढला. ह्यांचे एक मित्र जरीच्या धंद्यातले. त्यांच्याकडून वाया गेलेली जर आणली, सोनेरी-चंदेरी गुंतवळच ती, आणि तिच्या झिरमिळ्या फांद्यांना बांधल्या. ऊन पडलं की झाड असं काही चमकायचं की घरी येणारे लोक मागच्या दारातून बघून विचारायचे, आज काय आहे तुमच्याकडे? जुन्या कॅसेटची फीतही ताणून बांधली होती. वाऱ्यावर ती गुणगुणायची. पोपट थोडे दिवस बिचकले. वाफ्यांवर मच्छरदाणीचा फाटका कपडा कामट्यांवर ताणला, तेव्हा मेथीही उगवली. पारव्यांनी मात्र कशालाच दाद दिली नाही. ते भिंतीवरून छपराखाली सरकले, अण्णांच्या खोलीच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर काड्या आणायला लागले, आणि दिवसभर तो घुमण्याचा आवाज, घशात काहीतरी अडकल्यासारखा.

दिवाळीनंतर अण्णांचा खोकला सुरू झाला. आधी वाटलं थंडीचा. मग जिना नसलेल्या घरात, नुसतं बागेतून स्वयंपाकघरापर्यंत येतानाही ते दाराला धरून उभे राहायला लागले. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला, छाती बराच वेळ ऐकली, आणि औषधांची नावं लिहिता लिहिता मध्येच मान वर करून विचारलं, "घर में कबूतर हैं?"

मला वाटलं ते पाळलेल्या कबुतरांबद्दल विचारताहेत. "नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "पाळलेली नाहीत. पण आहेत."

त्यांनी समजावून सांगितलं. पारव्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काहीजणांच्या फुप्फुसांना सोसत नाही. सूज येते. येतच राहिली तर फुप्फुस आतून कडक होत जातं, आणि मग ते मागे फिरत नाही. औषध देतो, पण पारव्यांपासून लांब ठेवा. ह्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की त्यानेच आहे का?" डॉक्टर म्हणाले, "लगता है." त्या 'लगता है'वर आम्ही घरी आलो.

ह्यांचा स्वभाव तोडून टाकण्याचा. त्याच संध्याकाळी ते सोसायटीतल्या कुणाकडून उपाय ऐकून आले. एकाकडे छऱ्याची बंदूक होती. दुसरा म्हणाला, ज्वारीला एक पावडर चोळून ठेवा, दोन दिवसांत भिंत मोकळी. मी म्हटलं, "त्या भिंतीवर मंजुबेन देवाच्या नावाने ज्वारी टाकतात आणि तुम्ही विषाची टाकणार?" ते म्हणाले, "मग तू सांग काय करू. माझ्या बापाला श्वास घेता येत नाहीये."

शाळेतल्या पाटीलसरांच्या ओळखीने मी वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाई तरुण होत्या, ठामपणे बोलणाऱ्या. म्हणाल्या, पोपट, मैना, बुलबुल यांना मारणं-पकडणं सरळ गुन्हा आहे. पारव्याचं नाव त्या यादीत नाही. मला हायसं वाटलं की वाईट, तेच कळेना. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण म्हणून विष घालता येत नाही हं. प्राण्यांना हालहाल करून मारणं हाही गुन्हाच. आणि तुमचं विष काय पारवाच खाणार? चिमणी खाईल, खार खाईल. मेलेला पारवा मांजर ओढून नेईल."

"मग करायचं काय?"

"बसायची जागा काढून घ्या. कडेवर तिरकी फळी ठोका, पाय ठरू देऊ नका. छज्ज्याला जाळी लावा, पण घट्ट ताणून. सैल लावलीत तर पाय अडकून लटकतील. दाणे बंद करा. आणि घरटं असेल तर आधी बघा, पिल्लं असली तर उडेपर्यंत थांबा."

"किती दिवस?"

"महिनाभर धरा."

महिनाभर! मी परतीच्या रिक्षात तो शब्द घोळवत बसले होते. नदीवरून जाताना पुलावर वारा लागला आणि वाटलं, हवा तर सगळीच वाईट आहे या शहरात. डाइंगचा वास, चिमण्यांचा धूर, ज्याच्या त्याच्या खिडकीत लूमची धूळ. आणि आपण शोधायला गेलो पारवे.

घरी येऊन स्टुलावर चढून पाहिलं. दोन पिल्लं होती. पिवळट केसांची, डोळे मिटलेली, इतकी कुरूप की बघवेना. मी खाली उतरले तेव्हा अण्णा दारात उभे होते.

"शेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत. दोन."

हे म्हणाले, "एका पाटीत घालून लांब झाडावर ठेवून येतो. त्यांची आई येईल मागे."

"येवाव नही," अण्णा म्हणाले. मग श्वास घ्यायला थांबले. "उडू दे त्यास्ले. मंग काय करनं ते कर."

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना तुम्ही?"

"माले काय व्हस?"

हे माझ्याकडे वळले. अण्णांकडे पाठ करून, दबक्या आवाजात, पण अण्णांना ऐकू जाईल असंच बोलले, "बापाचा श्वास मोठा की पारव्याची पिल्लं? तूच सांग. तू शिक्षिका आहेस."

कागदावर त्याचं उत्तर अगदी सोपं आहे. पण ज्याचा श्वास होता तोच माणूस पिल्लांच्या बाजूने उभा होता, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून त्याला वाचवायचं हेही मला जमेना. शेवटी आम्ही अण्णांची खाट आमच्या खोलीत आणली, त्यांची खिडकी बंद करून फटींना कागद चिकटवला. छज्ज्याखालची घाण मी नाकाला ओला फडका बांधून, आधी पाणी मारून मगच खरवडायचे. कोरडं झाडलं तर धूळ उडते, असं कचेरीतल्या बाईंनी बजावलं होतं. अण्णांना बागेत जायची बंदी. ते खिडकीच्या काचेतून वाफे बघत बसायचे.

राहिली मंजुबेनची वाटी.

मी जायचं टाळत होते. आज जाऊ, उद्या जाऊ. काय सांगायचं? तुमच्या मुलाच्या नावाचे दाणे आमच्या म्हाताऱ्याला मारताहेत? एका दुपारी मंजुबेनच फाटकात आल्या, हातात पोंकाची बशी. "अण्णा देखाता नथी," अण्णा दिसत नाहीत म्हणून विचारायला. मग मला सांगावंच लागलं. मी जमेल तितकं मऊ करून सांगितलं. डॉक्टरांचं 'लगता है' दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बशी माझ्या हातात दिली. एवढंच विचारलं, "मारे लीधे?"

माझ्यामुळे?

"नाही हो, मंजुबेन, तसं नाही," मी म्हणत राहिले, पण त्या निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर ज्वारी पडली नाही. पारवे आले. ओळीने बसले. नेहमीची वेळ उलटली तरी बसलेलेच. मंजुबेनचं मागचं दार बंद होतं. ऊन वर आलं तसे काही उडाले, काही पुन्हा येऊन बसले. त्यांच्या त्या हलत्या माना बघून मला भीतीच वाटायला लागली. काचेपाशी बसलेले अण्णा म्हणाले, "भुक्या शेतस." मग थोड्या वेळाने, "कोकली का ती? दार लाई लिधं तिनं." हाक मारली का तिने, दार लावून घेतलंय.

मी पुन्हा वनखात्याच्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, एकदम का बंद केलं? जागा हलवायची, रोज थोडी थोडी. मी म्हटलं, तुम्ही दाणे बंद करा म्हणाला होतात. त्या म्हणाल्या, हो, पण असं नाही. मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. कुणाशी चांगलं वागायला गेलं की दुसरीकडे काहीतरी तुटत होतं, आणि नेमकं कुठे हात आखडायचा हे सांगणारं कुणी नव्हतं.

मंजुबेनला सांगितल्यावर मात्र त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भिंत सोडून आपल्या फाटकाशी चण टाकली. मग फाटकाबाहेर. मग गल्लीत विजेच्या खांबाशी. पारवे जिकडे वाटी तिकडे. गल्लीच्या टोकाला, मोकळ्या जागेत एक जुना चबुतरा आहे, पक्ष्यांसाठीच बांधलेला, आजूबाजूला घर नाही. मंजुबेन सकाळच्या थंडीत, शाल गुंडाळून, वाटी पोटाशी धरून तिकडे चालत निघायच्या आणि वरून पारव्यांचा थवा गोल फिरत जायचा. मी शाळेला निघताना रोज तेवढं दृश्य बघायचे. त्या माझ्याकडे बघून मान हलवायच्या. हसायच्या का, आठवत नाही.

उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी सगळं शहर गच्चीवर होतं. आमच्या छज्ज्यावर पिल्लांना आता खरी पिसं आली होती आणि ती कडेला येऊन पंख झाडायची. हे पतंग सोडून दिवसभर खाली काठी घेऊन उभे, पेरूत अडकलेला मांजा काढत. "पिल्लू आज उडालं आणि या दोऱ्यात गुरफटलं तर तुझे अण्णा मला माफ करणार नाहीत," म्हणाले. त्या दिवशी मला ह्यांच्याबद्दल फार माया वाटली. पिल्लं उडाली ती पुढे काही दिवसांनी, आम्ही दोघंही घरी नसताना. अण्णांनी काचेतून पाहिलं. विचारलं तर नुसतं म्हणाले, "गयात."

मग ह्यांनी हजीऱ्याकडच्या कोळीवाड्यातून मासे धरायचं जुनं जाळं आणलं, बारीक घरांचं, जाड दोऱ्याचं. छज्ज्याला ते चारी बाजूंनी खेचून बांधलं, बोट शिरणार नाही असं. भिंतीच्या कडेवर तिरकी फळी ठोकली. सगळं कसं कायदेशीर, कुणालाही न दुखवता. घुमण्याचा आवाज गेला. अण्णांचा खोकलाही उतरायला लागला. पुन्हा बागेत बसायची परवानगी मिळाली. वांगी धरली होती. भरीत झालं, त्यात शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. अण्णा जेवले आणि म्हणाले, "कोकलाड तिले पन." तिलाही बोलाव.

मी डबा घेऊन गेले. मंजुबेनने दारातूनच घेतला. "अण्णा बोलावताहेत," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, पछी आवीश, नंतर येईन. आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीशी तर त्यांना आता येण्याचं कारणच उरलं नव्हतं. अण्णा भिंतीजवळच्या वाफ्याला गरज नसताना पाणी घालत उभे राहायचे. मग आत येऊन सांगायचे, "आजबी उनी नही."

"रागावल्या असतील," हे म्हणाले.

मलाही तेच वाटत होतं. त्यांचं दुःख ठेवायची एक जागा होती, ती आम्ही तिरकी फळी ठोकून काढून घेतली होती. रागवायचा त्यांना हक्कच होता. पण मग भरिताचा डबा रिकामा न येता मेथीचे मुठिये भरून का आला? रागावलेलं माणूस असं करतं का? की इकडच्या रीतीने डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून? मी रोज काहीतरी एक ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत ते बदलायचं.

एक रविवार होता. ऊन बरंच वर आलं होतं. मी वाल सोलत मागच्या पायरीवर, अण्णा वाफ्याशी. भिंतीपलीकडून मंजुबेनचा आवाज आला. चबुतऱ्यावरून नुकत्याच परतल्या असाव्यात. भिंतीजवळ न येता, लांबून, दारातूनच त्यांनी हाक मारली:

"अण्णा! हुं नाहीने आवुं छुं!"

अण्णा एकदम खाली बसले. खुरपं हातातच. "नही म्हनस ती," ते मला म्हणाले. "नही येवाव म्हने."

क्षणभर मलाही तसंच ऐकू आलं. मग लक्षात आलं आणि मी हातातलं सूप खाली ठेवलं. "अण्णा, नाही म्हणजे नाही नव्हे. 'नाहीने' म्हणजे न्हाऊन. त्या आंघोळ करून येताहेत."

"आते? सकायलेच करस ना ती?"

खरंच, मंजुबेन पहाटेच आंघोळ करत. मला काहीच कळेना. थोड्या वेळाने त्या आल्या. धुतलेली साडी, केस ओले, मोकळे, खांद्यावर पंचा. थंडीने ओठ निळसर झाले होते. येऊन भिंतीपासून लांब, अण्णांपासूनही जरा लांबच बसल्या. मी विचारलं, पुन्हा आंघोळ? तेव्हा संकोचून म्हणाल्या की त्या मधे आपण होऊन आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. पारव्यांची ती धूळ कपड्यांवरून, केसांतूनही येते का, हे विचारायला. डॉक्टर म्हणाले, येऊ शकते. म्हणून इतके दिवस आल्या नव्हत्या. मग त्यांना वाटलं, चबुतऱ्यावरून आल्यावर सगळं धुऊन टाकलं तर?

अण्णांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग विचारलं, "भरीत कसं व्हतं?" मंजुबेन म्हणाल्या, "बहु तीखुं." आणि दोघं आपापल्या भाषेत बोलायला लागली.

गोष्ट इथेच संपली असती तर मीही निश्चिंत झाले असते. होळीच्या सुमारास ह्यांनी अण्णांना कंपनीच्या ओळखीतल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जुने-नवे फोटो शेजारी लावले आणि विचारलं, आधी काय काम करायचे? जिनिंग प्रेस म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. कापसाची धूळ, म्हणाले. इतकी वर्षं तीच छातीत असणार. पारव्यांनी बिघडलं असेल, नसेलही. थंडी गेली म्हणून खोकला कमी झाला असेल. आता नक्की सांगता येणार नाही.

मंजुबेनला हे सांगायचं का? सांगितलं तर 'मारे लीधे' हे ओझं त्यांच्यावरून उतरेल. आणि सांगितलं तर हेही कळेल की केतनच्या नावाची ती भिंत बहुधा उगाचच सुटली. ह्यांचं म्हणणं, गप्प राहावं. मला एकदा वाटे सांगावं, एकदा वाटे नको. आम्ही दोघं दोन दिवस कुजबुजत होतो आणि तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच त्यांना सांगून टाकलं. त्यांच्या अहिराणीत, हातवारे करून, कापूस पिंजल्याची खूण करून, छातीवर हात ठेवून. "तुन्हामुये नही. मन्हा कापूसमुये." तुझ्यामुळे नाही, माझ्या कापसामुळे.

मंजुबेनला किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन बसले होते. भिंतीवर ज्वारी पडली नाही. मंजुबेन चबुतऱ्यावर गेल्या, परत आल्या, आणि थोड्या वेळाने फाटक वाजलं. केस ओलेच. माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कशाला मंजुबेन? आता तर गरज नाही ना?"

त्या पंचाने केस झटकत म्हणाल्या, "हवे तो टेव पडी गई." सवय झाली आता.

अण्णांनी आमचं बोलणं ऐकलं की नाही, कोण जाणे. ते वाफ्यातून उठले, खुर्चीला धरून थोडा दम घेतला, आणि ती खुर्ची ओढत ओढत बागेच्या मधोमध नेऊन अशी फिरवून ठेवली की बसणाऱ्याच्या पाठीवर ऊन येईल.

"बठ," ते म्हणाले.